उन्हापावसात उभा राहणारा खेळ

आर्केड कॅबिनेट जन्माने घरातले आहे. उभी पेटी, डोळ्यांसमोर पडदा, कमरेच्या उंचीवर जॉयस्टिक आणि बटणे, पोटात खेळ चालवणारे सर्किट, या रचनेतला प्रत्येक भाग छप्पर, भिंती आणि कोरडी हवा गृहीत धरून घडला. 1990 च्या दशकात महाराष्ट्रात ज्यांनी शाळा सुटल्यावर व्हिडिओ गेम पार्लर गाठले, त्यांना ती अर्धवट अंधारातली खोली आठवत असेल. कॅपकॉमच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या 1993 च्या खेळाला त्यातल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' हे नाव अशाच खोल्यांनी दिले. तो अंधार सोयीचा होता, कारण काचेवर उजेड पडला की पडद्यावरचे काही दिसत नसे.

ही पेटी बाहेर आणणे हा या पुस्तकाचा विषय आहे. बंगल्याच्या बागेत, सोसायटीच्या हिरवळीच्या कडेला, शाळेच्या आवारात, कृषी पर्यटनाच्या अंगणात ती बारा महिने उभी राहावी आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतरही चालू व्हावी, एवढी साधी अपेक्षा आहे. ती पुरी करणे मात्र अवघड आहे. त्यासाठी सुतारकाम, पत्राकाम, वायरिंग, हवामान आणि खेळ अशा पाच वेगळ्या विद्या एका जागी आणाव्या लागतात. मराठीत हे सगळे एकत्र सांगणारे लेखन माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा प्रयत्न.

सुरुवातीलाच माझे मत सांगतो, कारण पुढचे सगळे पुस्तक त्याच्यावर उभे आहे. बागेतले कॅबिनेट बांधणारा माणूस आधी घर बांधतो आणि मग यंत्र. त्याला पाया लागतो, छप्पर लागते, वळचण लागते, पाण्याला जायला वाट लागते आणि हवेला फिरायला जागा लागते. हे साधले की आतले इलेक्ट्रॉनिक्स सोपे होते. हे न साधता कितीही सिलिकॉन भरले तरी पेटी दोन पावसाळे काढत नाही.

या क्षेत्राची ओळख करून घ्यायची तर मागे जावे लागते. 1971 साली अमेरिकेत नाणे टाकून खेळायचे दोन व्हिडिओ गेम लोकांसमोर आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातला 'गॅलक्सी गेम' अक्रोडाच्या लाकडी मुलाम्याच्या पेटीत होता. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा 'कॉम्प्युटर स्पेस' मात्र चकाकत्या फायबरग्लासच्या, वळणदार अंगाच्या कॅबिनेटमध्ये आला. म्हणजे बाजारात विकल्या गेलेल्या पहिल्याच आर्केड खेळाचे अंग पाण्याला दाद न देणाऱ्या द्रव्याचे होते. ती वाट पुढे मोठी झाली असती तर आजचे आपले निम्मे काम वाचले असते. पण 1972 मध्ये अटारीचा 'पाँग' साध्या लाकडी पेटीत सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये ठेवला गेला आणि नाण्यांचा डबा भरून वाहिल्याने यंत्र बंद पडल्याची बातमी निर्मात्याकडे गेली. त्या यशानंतर लाकडी पेटी हाच रिवाज झाला. सपाट बाजू कापायला सोप्या आणि स्वस्त होत्या, शिवाय त्यांवर चित्रे छापता येत.

1978 चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि 1980 चा 'पॅक-मॅन' यांच्या काळात आकार ठरत गेले. उभे कॅबिनेट, बुटके कॅबिनेट, बसून चालवायचे कॉकपिट आणि काचेचे टेबल. जपानमधल्या कॉफीघरांत टेबलाच्या काचेखाली पडदा ठेवून समोरासमोर बसून खेळण्याची पद्धत रूढ झाली. बागेत टेबल ठेवायचा मोह अनेकांना होतो, म्हणून इथेच सांगून टाकतो की उघड्यावर हा सर्वांत वाईट आकार आहे. आडव्या काचेवर पाणी साचते, पाने पडतात आणि पडदा थेट आकाशाकडे बघतो.

जपाननेच पुढे आपल्या कामाची दुसरी परंपरा दिली. सेगाचे 1988 चे 'एरो सिटी' आणि 1993 चे 'अॅस्ट्रो सिटी' ही धातू आणि प्लास्टिकची, बसून खेळायची कॅबिनेटे आहेत. त्यांचा कंट्रोल पॅनेल बिजागरीवर उघडतो आणि आतला खेळ काही मिनिटांत बदलता येतो. या सोयीमागे 1985 पासून जपानी उत्पादकांनी स्वीकारलेले जामा हे 56 पिनांचे जोडणीचे मानक होते. अमेरिकी कॅबिनेट देखणे आहे, त्यावर माझे प्रेमही आहे. पण बाहेर ठेवायच्या पेटीची दुरुस्ती वारंवार करावी लागते, आणि दुरुस्तीचा विचार आधी करणारी जपानी रीत इथे जास्त कामाची ठरते.

मग घरगुती बांधणाऱ्यांचा काळ आला. निकोला साल्मोरिया यांनी 5 फेब्रुवारी 1997 रोजी 'मेम' हा एम्युलेटर प्रसिद्ध केला आणि जुन्या सर्किटांचे वर्तन साध्या संगणकावर उतरवण्याची वाट सगळ्यांना मोकळी झाली. 29 फेब्रुवारी 2012 रोजी रास्पबेरी पाय विक्रीला आला. बागेतल्या कॅबिनेटच्या दृष्टीने मला ही तारीख सर्वांत महत्त्वाची वाटते. मोजके वॅट वीज खाणारा, हाताच्या पंजाएवढा संगणक लहान डब्यात बंद करता येतो. जुन्या पेटीतल्या सीआरटी नळीला वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब लागे. दमट हवेत आणि मुलांच्या हाताशी असे काही ठेवण्याचा विचारच करू नये. एलसीडी पडदा आणि लहान संगणक आले तेव्हा कुठे हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

आर्केडवाल्यांनी पेटी बाहेर नेली नाही, पण इतरांनी आपापली यंत्रे कधीच बाहेर नेली होती. आपले खरे शिक्षण त्यांच्याकडे आहे. 1890 च्या दशकात आलेले म्युटोस्कोप हे नाणे टाकून चित्रे पाहायचे यंत्र ओतीव लोखंडाच्या अंगाचे होते आणि ब्रिटनच्या समुद्रकाठच्या पिअरवर खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे उभे राहिले. गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांची लाल टेलिफोन पेटी 1926 पासून लंडनच्या रस्त्यांवर आली. तिचा माथा घुमटाकार आहे आणि त्यावरच्या राजमुकुटाच्या आकृतीला हवेसाठी छिद्रे आहेत. पाणी वरून ओघळते, आतली गरम हवा वरूनच निघते. मुंबईच्या लोकल स्थानकांवरची, नाणे टाकले की वजनाचे आणि भविष्याचे तिकीट देणारी दिव्यांची यंत्रे फलाटाच्या छपराखाली पावसाळ्याची ओल सोसत उभी राहिली. आणि रस्त्याच्या कडेची, आपण ज्याला डीपी म्हणतो ती महावितरणची पेटी तर रोज समोर असते. तिला उतरता माथा आहे, बाजूला खाली वळलेल्या झडपा आहेत आणि तिचे बूड जमिनीपासून वर उचललेले आहे. नवख्या माणसाने पहिला धडा तिच्यापाशी थांबून घ्यावा.

भारतातला आणखी एक प्रयोग आपल्या अगदी जवळचा आहे. 1999 मध्ये डॉ. सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात झोपडवस्तीकडे तोंड करून भिंतीत एक संगणक बसवला. पुढे असे संगणक इतर राज्यांत आणि आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसवले गेले. या प्रयोगाची चर्चा शिक्षणाच्या अंगाने पुष्कळ झाली. मला त्यातले यंत्र तितकेच मोलाचे वाटते. यंत्र भिंतीच्या आत, पडदा काचेमागे आणि मुलांच्या हाताशी माउसऐवजी भिंतीत बसवलेला टचपॅड. मुलांच्या हाताला लागणारा भाग आणि जपायचा भाग वेगळे करा, हे सूत्र तिथे स्पष्ट दिसते. नेदरलँडची याल्प ही कंपनी मैदानांसाठी 'सोना' नावाची खेळकर कमान बनवते. तिच्यात पडदाही नाही आणि हलणारा दांडाही नाही, मुलांच्या हालचाली टिपून खेळ चालतो. बाहेर टिकायचे तर हलणारे भाग कमी करावेत, हा त्या कमानीचा संदेश. आपल्याला तो अर्धाच पाळता येतो, कारण जॉयस्टिकशिवाय आर्केड नाही.

आता पंथांविषयी. आज बाहेर कॅबिनेट ठेवणाऱ्यांत ढोबळमानाने चार विचार आढळतात. चाकांचा पंथ म्हणतो, पेटी साधीच ठेवा, खाली चाके लावा, वर ताडपत्री घाला. ज्यांच्याकडे पडवी आहे आणि पेटी ढकलायला दोन माणसे आहेत, त्यांनी हेच करावे. छपराचा पंथ पेटीऐवजी भोवतालचा मांडव पक्का करतो. तोही शहाणा मार्ग आहे, पण पावसाची झड आडवी येते हे त्यांनी विसरू नये. कोकणात पडवीला पावसाळ्यात झापे बांधतात ती त्यासाठीच. उरलेले दोन पंथ, सीलबंद आणि श्वास घेणारा, यांच्यातला वाद मात्र खरा आहे आणि त्यावर थांबायला हवे.

सीलबंद पंथाचा आधार आयपी हे धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानक. 'आयपी 65' यातला 6 म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि 5 म्हणजे 6.3 मिलिमीटर तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत मारला तरी आतल्या वस्तूला इजा होणार नाही. हे मानक चांगले आहे. फक्त ते काय मोजत नाही हे माहीत असावे. ऊन, गंज आणि आतल्या आत जमणारे दव हे त्या आकड्यांत नाही. चाचणी नव्या रबरावर होते, चार उन्हाळे खाल्लेल्या रबरावर नाही.

याहून मोठी अडचण भौतिकशास्त्राची आहे. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी बंद पेटीतली हवा 55 अंशांपर्यंत तापली आणि वळवाच्या सरीने ती झटकन 28 अंशांवर आली असे धरा. पेटी खरोखर हवाबंद असेल तर आतला दाब सुमारे 8 टक्क्यांनी घसरतो. हा फरक जवळजवळ 85 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढा आहे. आणि तो नेमका अशा वेळी येतो जेव्हा गॅस्केटच्या बाहेर पाणी वाहत असते. रबराला जिथे केसाएवढी फट असेल तिथून पेटी स्वतःच पाणी आत ओढते. ते पाणी पुन्हा बाहेर यायला वाट नसते, कारण पेटी सीलबंद आहे. "इतके सिलिकॉन लावूनही पाणी शिरले कसे?" या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते.

त्यात दवाची भर. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता ही आपल्याकडची नेहमीची जुलैतली हवा. ती 26 अंशांच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सुटते. रात्री पत्रा तेवढा थंड होतोच. म्हणून पाऊस न पडताही पेटीत पाणी होते.

श्वास घेणारा पंथ हे मान्य करून चालतो. तो म्हणतो की पाणी येणार, त्याला जायला भोक ठेवा. हवा तापणार, तिला वर निघू द्या. पण उघड्या झडपांतून धूळ, मुंग्या आणि पाली येतात. स्विचबोर्डात शिरून मेलेली पाल पाहिली नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. म्हणून निव्वळ श्वास घेणारी पेटीही पुरेशी नाही.

माझे मत या दोघांच्या जोडणीचे आहे, आणि पुस्तकातले आराखडे त्यानुसार आहेत. बाहेरचे कवच घरासारखे असावे, म्हणजे उतरता माथा, पुढे आलेली वळचण, खालच्या कडेला पागोळी तोडणारी खाच, जाळी लावलेल्या झडपा, बुडाला निचऱ्याची भोके. त्या कवचाच्या आत, जमिनीपासून उंच, एक लहान सीलबंद डबा असावा. संगणक, अॅम्प्लिफायर आणि वीजपुरवठा एवढेच त्यात ठेवावे. त्या डब्याला दाब सारखा करणारी, हवा सोडणारी पण पाणी अडवणारी पडद्याची व्हेंट बसवावी, म्हणजे वर सांगितलेली ओढ निर्माणच होत नाही. केबल नेहमी डब्याच्या खालून, ग्लँडमधून आत न्यावी आणि आत जाण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलापाशी गळून पडते. ही शेवटची गोष्ट फुकट आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

पावसाइतकाच, किंबहुना जास्त, घात ऊन करते. लोक पंखा निवडताना आतल्या विजेचा हिशेब करतात. संगणकाचे सात-आठ वॅट, पडद्याचे वीस-तीस. पण डोक्यावरचे ऊन चौरस मीटरला सुमारे 1,000 वॅट ओतते. काळ्या रंगाच्या कॅबिनेटची एक बाजूच एक चौरस मीटरची असते. आतल्या उष्णतेपेक्षा बाहेरची उष्णता अनेक पटींनी जास्त असताना पंखा लावून काय होणार? उपाय बांधकामाचाच आहे. दुहेरी भिंत करावी, मध्ये बोटभर पोकळी ठेवावी, ती वर-खाली उघडी असावी. बाहेरचा पत्रा तापला तरी ती उष्णता पोकळीतल्या हवेबरोबर वर निघून जाते. आणि रंग फिका असावा. पारंपरिक काळ्या बाजूंचा मोह ज्यांना आवरत नाही त्यांना मी समजू शकतो, पण नागपूर-चंद्रपूरच्या 45 अंशांच्या दुपारी तो मोह पडद्याच्या जिवावर येतो. एलसीडीतला द्रव ठरावीक तापमानाच्या वर गेला की त्याची रचना मोडते आणि पडद्यावर काळे डाग पसरतात.

पडदा दिसण्याचा प्रश्नही उन्हाचाच. घरातल्या मॉनिटरचा उजेड साधारण 250 ते 350 निट असतो. बाहेर वाचता यावेत असे पडदे 1,000 निटच्या पुढचे आणि महाग असतात. पैसे उजेडावर घालावेत की सावलीवर? मी सावली म्हणेन. खोल बसवलेला पडदा, दोन्ही बाजूंना कान, वर टोप आणि पेटीचे तोंड उत्तरेला. आपल्या अक्षांशावर वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या काचेवर थेट ऊन क्वचित येते. पश्चिमेकडे तोंड मात्र कधीही नको, कारण मुले खेळायला येतात ती संध्याकाळीच.

सामानाच्या निवडीत आपल्याकडे काही कमी नाही. एमडीएफ बाहेर चालत नाही. त्याची कड एकदा पाणी प्याली की फुगते आणि पुन्हा बसत नाही. प्लायवुड घ्यायचे तर दुकानात 'सातशे दहा' म्हणून मागतात ते आयएस 710 चे मरीन प्लाय घ्यावे आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करावी. डब्ल्यूपीसीचा बोर्ड भिजत नाही, पण उन्हात मऊ पडून वाकतो, त्याला मागून चौकट हवी. पावडर कोटिंग केलेला जीआय पत्रा देशावर उत्तम. समुद्रकाठी मात्र स्क्रूसुद्धा 316 स्टीलचे घ्यावेत. 304 वर तिथल्या खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात. आणि कोकणपट्टीच्या वाचकांना माझा आग्रह आहे की त्यांनी जवळच्या फायबरच्या होड्या बांधणाऱ्या कारागिराला गाठावे. साचा, राळ, काचेचा कपडा आणि खारे पाणी यांची त्याच्याइतकी जाण दुसऱ्या कोणाला नाही. शहरात हेच ज्ञान ग्लो-साइन बोर्ड बनवणाऱ्यांकडे आहे. दिवे, ट्रान्सफॉर्मर आणि पाऊस यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध असतो.

जॉयस्टिकचे भोक ही पेटीतली सर्वांत नाजूक जागा. दांडा हलायला हवा म्हणून ते बुजवता येत नाही. रबरी बूट लावला तर हाताला त्याचा ताण जाणवतो. पोलादी, पाणीरोधक बटणे मिळतात, पण त्यांची चाल आखूड आणि कठीण असते आणि भराभर दाबायच्या खेळात बोटे दुखतात. मी सान्वा किंवा हॅप या उत्पादकांच्या पद्धतीची साधी प्लास्टिकची बटणे वापरण्याच्या बाजूचा आहे. त्यांच्याखाली उतरता ट्रे, ट्रेला नळी, नळी बाहेर. बटणे झिजणारी, स्वस्तात बदलायची वस्तू मानली की हा प्रश्न उरत नाही. खेळाची गोडी हाताच्या स्पर्शात असते आणि टिकाऊपणासाठी ती गमावणे मला पटत नाही.

वीज शक्यतो घरातच ठेवावी आणि बागेत कमी दाबाची डीसी न्यावी. इथे एक हिशेब सांगतो, कारण तो अनेक पेट्यांच्या मुळावर येतो. 12 व्होल्टवर 4 अॅम्पियर, 15 मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून नेले तर वाटेत जवळजवळ 0.9 व्होल्ट हरवतात आणि पडदा लुकलुकू लागतो. 24 व्होल्टने नेऊन पेटीत 12 वर उतरवले की विद्युतप्रवाह निम्मा होतो आणि तेवढ्याच तारेत व्होल्टची घट निम्म्यावर येते.

खेळांच्या हक्कांचा विषय टाळून चालणार नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखे संरक्षण आहे आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकते. आर्केडचा सगळा इतिहास जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांचा. त्यामुळे जुना खेळ फुकट उतरवता येतो म्हणजे तो मोकळा आहे, असे नाही. 'रॉबी रोटो' सारखे काही खेळ हक्कदारांनी बिनव्यापारी वापरासाठी खुले केले आहेत, जुन्या खेळांचे अधिकृत संग्रह विकत मिळतात आणि आजचे तरुण निर्माते दोन जॉयस्टिकवर खेळायचे नवे खेळ करत आहेत. पर्यटन केंद्रात पैसे घेऊन पेटी चालवणाऱ्यांनी तर परवानगीशिवाय पुढे जाऊच नये. आवाजाचेही तसेच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. स्पीकरचे तोंड खेळणाऱ्याकडे खाली वळवावे. त्याने शेजारीही सुखी राहतात आणि पाऊसही स्पीकरात शिरत नाही.

हे सगळे आजच का? पार्लर गेली आणि खेळ खिशातल्या फोनमध्ये शिरला. खेळ वाढले, पण शेजारी उभे राहून खेळणारा माणूस नाहीसा झाला. उभ्या कॅबिनेटसमोर दोन मुले खांद्याला खांदा लावून उभी राहतात, मागे चार बघत असतात, कोणाची पाळी यावरून भांडण होते आणि ते तिथेच मिटते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बंद खोलीपेक्षा ती उघड्या अंगणात घडावी, जिथे आजीही बाकावर बसून बघू शकेल आणि वाटेने जाणारा थांबू शकेल. पार्लरमध्ये मुली फारशा दिसत नसत. सोसायटीच्या बागेत तो अडसर राहत नाही. दुसरे कारण कचऱ्याचे. कार्यालयांतून निघालेले चालू स्थितीतले एलसीडी मॉनिटर ढिगांनी भंगारात जातात. सावलीची नीट सोय केलेल्या पेटीत त्यांना पुढची काही वर्षे मिळू शकतात. तिसरे कारण शिकण्याचे. आयटीआयच्या विद्यार्थ्याला वेल्डिंग, वायरिंग, रंगकाम आणि थोडे प्रोग्रॅमिंग एकाच वस्तूत शिकवायचे असेल तर याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

या पुस्तकात एकच एक आराखडा दिलेला नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात साधारण सातशे. रत्नागिरीत हवा खारी, चंद्रपुरात कोरडी आणि जळती. एकच पेटी या सगळ्या ठिकाणी टिकेल असे सांगणारा माणूस वाचकाची फसवणूक करतो. म्हणून पुस्तक आधी जागा वाचायला शिकवते. झड कोणत्या दिशेने येते, पाणी कुठे साचते, दुपारची सावली कुठे पडते, वाळवी आहे का, घुशींचा वावर आहे का. मग त्या जागेसाठी पेटी कशी बदलायची ते सांगते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या दिवसासाठी कोणी पेटी बांधत नाही, पण चौथरा वीतभर उंच करायला फारसा खर्चही येत नाही. असे छोटे निर्णय या पानांत वारंवार येतील.

देखभालीला पुस्तकात बांधणीइतकीच जागा दिली आहे, कारण बाहेरची वस्तू बांधून संपत नाही. मृगाच्या आधी गॅस्केट आणि निचऱ्याची भोके तपासणे, गणपतीच्या सुमारास आतला ओलावा पाहून सिलिका जेल बदलणे, दिवाळीनंतर गंज खरवडून रंगाचा हात देणे, असे वर्षाचे चक्र त्यात आहे. ज्याला एवढा वेळ नाही त्याने छपराखालची पेटी निवडावी. त्यात काही कमीपणा नाही.

वाचकाकडून या कामाचे पूर्वज्ञान अपेक्षित नाही. करवत धरलेली असावी आणि मल्टिमीटर वापरायची तयारी असावी, एवढे पुरे. आराखडे आपल्या जागेप्रमाणे बिनधास्त बदला, लाकडाऐवजी पत्रा घ्या, दोनाऐवजी एक जॉयस्टिक ठेवा, चित्रे स्वतः काढा. बदलू नये अशी एकच गोष्ट आहे. बागेकडे जाणाऱ्या विजेच्या लाइनवर 30 मिलिअॅम्पियरची आरसीसीबी (वीजगळती होताच लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून बसवून, त्याच्यासमोर आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबून ती पडते याची खात्री करून घ्या. त्यानंतरच प्लायवर पहिली रेघ मारा.